खोट्या पेशंटचा डावा गुडघा

ती. ताईस, साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, त्यामुळे सध्या कागदावरूनच).

तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं बीपी? इकडे सगळं ठीक आहे. जे ठीक नाही ते पुढे लिहितो, आधी पाणी पिऊन घे.

तुला माहीतच आहे, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी इथल्या मोठ्या दवाखान्यात खोटा पेशंट म्हणून जातो. एक संशोधक बाई तिथे अभ्यास करताहेत. निम्म्या वॉर्डांतल्या नर्सना नुसती व्याख्यानं, निम्म्यांना माझ्यासारख्यावर सराव, आणि मग कुठले पेशंट जास्त धडपणे घरी जातात ते बघायचं. मला भूमिका मिळाली ती डाव्या गुडघ्याची. ऑपरेशनच्या आधी नर्सनं माझं नाव आणि गुडघा मलाच विचारायचा, उत्तर कागदाशी आणि पायावर पेनानं काढलेल्या बाणाशी ताडून पाहायचं, आणि एवढंसं जरी जुळलं नाही तरी सगळ्यांना थांबवायचं. (मी भूमिका जीव ओतून करतो. कण्हणं माझं स्वतःचं आहे, ते बाईंनी लिहून दिलेलं नाही.) एक बारीक चणीची नर्स आहे, तिला मी ‘घाईबाई’ म्हणतो. माझं उत्तर यायच्या आधीच ती मान डोलवून मोकळी व्हायची. तिला मी इतक्यांदा परत पाठवलं की शेवटी ती रडली.

आणि गेल्या आठवड्यात माझ्याच गुडघ्यावर सुरी फिरायची वेळ आली. खऱ्या, उजव्या. टेबलावर घेतलं, अंग सैल पडायचं इंजेक्शन दिलं, डोक्यावर तोच पांढरा दिवा (सरावही त्याच खोलीत व्हायचा). तेवढ्यात मास्क बांधलेल्या कुणीतरी वाकून विचारलं, काका, नाव सांगा आणि कुठला गुडघा ते सांगा. ताई, मी खणखणीत आवाजात भूमिकेतलं नाव सांगितलं, भूमिकेतलं वय सांगितलं, आणि म्हणालो, डावा. वर कण्हलोही.

सर्जन धुतलेले हात वर धरून उभे होते. म्हणाले, अहो, हे आपलेच मास्तर, कागदावर उजवा आहे, बाणही उजव्यावरच आहे, चला. मला वाटलं नर्सची परीक्षा चालू आहे, म्हणून मी आणखी जोरात डावा म्हणालो. त्यानं शिकाऊ डॉक्टर गडबडला. पेशंट स्वतः एवढं ठासून सांगतोय म्हटल्यावर त्यानं पेन काढलं आणि नवा बाण काढायला माझ्या डाव्या पायाकडे हात नेला. मला सगळं दिसत होतं, काहीतरी चुकतंय हेही कुठेतरी जाणवत होतं, पण जीभ काही वळेना. तेव्हा त्या मास्कवालीनं माझ्या धडधाकट गुडघ्यावर तळहात दाबून धरला. “नाव जुळत नाही, गुडघा जुळत नाही. थांबायचं.” सर्जन म्हणाले, “अगं, मी ओळखतो त्यांना.” ती म्हणाली, “मी पण ओळखते सर, म्हणूनच थांबवतेय.” घाईबाईच होती ती. तिनं हात काही उचलला नाही.

गुंगी उतरल्यावर मला जो घाम फुटला, तो अजूनही आठवलं की फुटतो. संशोधक बाई कपाळाला हात लावून बसल्यात. चूक सरावामुळे झाली आणि सरावामुळेच टळली, तर मला कुठल्या रकान्यात घालायचं? मी म्हटलं, दोन्हीत घाला, मी फार जागा अडवत नाही.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. ऑपरेशन उरकलं असं समजू नकोस, ते झालेलंच नाही. गुरुवारी पुन्हा टेबलावर घेणार आहेत. माझ्या उत्तरावर आता कुणाचा भरवसा नाही, घरचं माणूस शेजारी हवं म्हणतात. हिला दवाखान्याच्या वासानंच भोवळ येते. आणि दुखरा गुडघा कुठला हे तुझ्याइतक्या खात्रीनं कोण सांगणार? कुंपणाच्या भिंतीवरून तूच ढकललं होतंस.

आणखी एक ता.क. भूमिकेत मी घाबरायचो ते खोटं होतं. आता मला खरोखर भीती वाटते आहे. गुडघा सांगून झाला की निघून जाऊ नकोस, हात धरून बस. डावा, उजवा, कुठलाही चालेल.