निकेश ऐकायचा ती गाणी

१८ जून, बुधवार

कामावर गेले. पेणहून सकाळची गाडी, रोह्याला उतरले. लॅबमध्ये नमुने तपासले, डबा खाल्ला, परत आले. निकेशला, माझ्या धाकट्या भावाला, जाऊन महिना झाला. 

आईने त्याचा मोबाइल माझ्याकडे दिला. "बंद पडलाय, बघ गो." चार्जिंगला लावला. चालू झाला. काचेवर अजून पिवळ्या रंगाचा थेंब आहे. पुसला नाही.

२० जून, शुक्रवार

फजिती झाली. रजा होती म्हणून हमरापूरला बाबांच्या गणपतींच्या कारखान्यात गेले. तिथे निकेशचा मोबाइल हातात घेतला, कुठेतरी बोट लागलं, आणि तो आपोआप तिथल्या स्पीकरला जोडला गेला. सगळ्या गणपतींच्या मधोमध एक इंग्रजी माणूस ओरडायला लागला. आधी पोलिसांचा भोंगा, मग गोळ्यांचे आवाज, मग शिव्या. इंग्रजी शिव्या कळायला कुठे शिकावं लागतं? मला बंद करता येईना!

कारागीर गोदूबाई मूर्तीवर पीतांबर रंगवत बसल्या होत्या. त्या खाडीकडच्या, उमेदीची वर्षं मिठागरात गेली. मान वर न करता म्हणाल्या, "आमचा मुकादम इंग्लंडला गेला का काय? आवाज त्याचाच हाय." सगळे हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मीपण.

बाबा दारात उभे होते ते मग दिसले.

"हाच ऐकायचा तो? आखणी करताना?"

मी हो म्हटलं. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून आखणी, म्हणजे मूर्तींचे डोळे काढणं, निकेशकडेच होतं. कानात पिवळी टेप लावलेले वायरचे इयरफोन घालून, पाठ भिंतीला लावून. बाबांना वाटायचं भजन असेल. कोणी विचारलंच नव्हतं.

कारखान्यातून घरी येताना निकेशला टँकरने उडवलं. टँकरवाला म्हणाला होता, हॉर्न देत होतो, पोराने ऐकला नाही. जमलेले लोक म्हणाले, कानात काहीतरी असणार. इस्पितळातून मोबाइल, घड्याळ आणि पाकीट मिळालं. इयरफोन नव्हते. रस्त्यावर पडले असतील, सगळे म्हणाले. तेव्हापासून बाबांचं एकच — गाण्याने मारलं माझ्या पोराला.

संध्याकाळी मला बोलावलं. "तू शिकलेली हायस. काय बोलतंय तो, समजून घे नि मला सांग. सगलं सांग."

२३ जून, सोमवार

जाता-येता गाडीत ऐकलं. माझे इयरफोन लावून. शब्द शोधून शोधून वाचले. मोबाइल छातीशी धरला, शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून. पस्तीस वर्षांपूर्वीची अमेरिकेतली रॅप गाणी, निकेश जन्मलाही नव्हता! वस्तीतली काळी पोरं, पोलीस त्यांना भिंतीला लावून झडती घेतात. बंदुका, पैसा. इथवर ठीक. पण बाईबद्दल जे बोलतात — ते मी इथेही लिहिणार नाही.

मला ताई म्हणायचा. भाऊबीजेला पाया पडायचा. आणि हे ऐकायचा. त्याला विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

२४ जून

आज नाही ऐकलं.

२६ जून, गुरुवार

पेणच्या एसटी स्टँडवर साहिल भेटला. निकेशचा मित्र, त्यानेच ही गाणी दिलेली. मला बघून निघायला लागला, मीच थांबवलं. म्हणाला, "ताई, शिव्या बाजूला ठेव. ठेका ऐक. निक्या सांगायचा, या ठेक्यावर माझा हात हालत नाय."

आणि बायकांबद्दलचं, ते रे? मी विचारलं.  तो म्हणाला, ती गाणी निक्या न ऐकता पुढे ढकलायचा. खरं असेल. की मला बरं वाटावं म्हणून?

घरी येऊन ठेका ऐकला. संथ आहे. वर तो माणूस एवढा भडकलेला आणि खाली ठेका शांत. बोटाने टेबलावर रेघ काढून बघितली. हलला नाही हात. तरी चैन पडत नाही. उठले, बसले, पुन्हा लावलं.

२९ जून, रविवार

बाबांना सांगितलं. जेवणं झाल्यावर, कारखान्यात. डोळे नसलेल्या मूर्ती रांगेने, मध्ये आम्ही दोघं. काही लपवलं नाही. पोलीस, बंदुका, मेलेल्या मित्रांची नावं घेतात ते. आणि ते घाणेरडं पण.

"आयाबहिणींना?"

"हो."

मोबाइलवर गाण्याचं चित्र होतं, कोपऱ्यात काळी-पांढरी चिठ्ठी. काय लिहिलंय, विचारलं. म्हटलं, आईबापांना सूचना आहे — आत उघड शिवीगाळ आहे, लक्ष द्या. बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "तिकरं लिवून तरी ठेवतात," म्हणाले.

मग म्हणाले, "याच्याच नादात नाय ऐकला हॉर्न."

मी मोबाइल बंद केला. 

यंदा डोळे बाहेरचा माणूस काढील म्हणाले. जवळच्या जोहे गावातून. आखणीचा डबा निकेश गेल्यापासून कारखान्यातल्या देव्हाऱ्याखाली आहे. त्याला बाबा हात लावत नाहीत, दुसऱ्यालाही लावू देत नाहीत. आखणीचं सामान कारखान्याचा उंबरठा ओलांडत नाही, हा आजोबांपासूनचा नियम. रोजचं काम झालं की सगळं डब्यात, मगच माणसाने घरी जायचं. बाहेरचा माणूस निकेशचे ब्रश धरणार.

२ जुलै, बुधवार

येताना चुकून मधल्याच निडी स्टेशनला उतरले. म्हणजे चुकून नाही. गाडीत बसवेना.

मेलेल्या मित्रांचं गाणं पुन्हा लावलं. तो माणूस एकेक नाव घेतो आणि ओरडतो. आमच्याकडे निकेश गेला तेव्हा कोणी ओरडलं नाही. आई रडली, बाबा बसून राहिले, मी चहा केला. आलेल्यांना खुर्च्या दिल्या.

फलाटावर कोणी नव्हतं. मी एक शिवी दिली. इंग्रजीत, हळू. मग मराठीत, मोठ्याने. टँकरवाल्याला, आणि मग निकेशलाच. बाकाखालच्या कुत्र्याने मान वर केली आणि तो पुन्हा झोपला.

पुढच्या गाडीने घरी आले. आईला सांगितलं, गाडी उशिरा होती.

५ जुलै, शनिवार

बाबा जोह्याला त्या माणसाला आणायला गेलेत. जाताना म्हणाले, डबा तूच काढून ठेव, माझ्याने बघवत नाय.

काढला. उघडला. वर मऊ फडकं, खाली ब्रश. सगळ्यात बारीक ब्रशाला निकेशचे इयरफोन गुंडाळलेले. तेच, पिवळी टेप लावलेले. दुसरे त्याच्याकडे नव्हतेच. त्या दिवशी काम झालं, सामानात ठेवले, आणि घरी निघाला.

कानात काही नव्हतं त्याच्या.

बाकीचे ब्रश धुतले, पुसले, ओळीने मांडले. तो एक तसाच ठेवला. डबा बाबांच्या पाटापाशी सरकवला. झाकण लावलं नाही.