उजवी बाजू इश्बेलची

प्रिय इश्बेल,

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस पोरी. लिहितो नि फाडतो, टपालात टाकायचा धीर होत नाही. बॅडमिंटनला तू नवी जोडीदार धरलीस, पण माझी कात्रिओना अजून चर्चच्या हॉलवर जाते. बुटक्या तुळयांखाली तुम्ही दोघी सपाट फटके शिकलात, तिथेच. कोर्टाच्या डावीकडेच उभी राहते. उजवीकडे आलेलं शटलचं फूल पडू देते. म्हणते, "ते इश्बेलचं."

शुक्रवारी स्कॉटलंडचा संघ निवडणार. जोडीदाराविना तिला दुहेरीत कोण घेणार? मी म्हटलं, "दुसरी शोध की!"

"बाबा, आई गेल्यावर तुम्ही शोधलीत?"

मी उठलो नि पुन्हा हा कागद पुढ्यात ओढला.

परत ये म्हणत नाही. पण येणार नाहीस, एवढं तरी तिला तूच लवकर कळव.

कात्रिओनाचा बाप,
डंकन