सासूबाईंच्या नऊ कोंबड्या

२ एप्रिल
सासूबाईंचा दहावा. कावळा पिंडाला शिवेना. शेवटी मी मोठ्याने म्हणाले, "तुमच्या नऊ कोंबड्या मी सांभाळीन." लगेच शिवला. योगायोग. मी होम सायन्सची पदवीधर, १९८१. पण शब्द दिलाय. इतकी वर्षे त्या कोंबड्या वाटेल ते खात हिंडल्या. आता शास्त्रीय आहार.

४ एप्रिल
घोडेगावहून खाद्य आणले. भिंतीवर तक्ता: पावसाळ्यात किडे, गांडुळे, भात निघाला की खळ्यावरचे दाणे, उन्हाळ्यात रानात काही नाही, म्हणून खाद्य, मोजून, दोनदा. मोरीमागचा चिखलही संपवला. पाइप टाकून सांडपाणी थेट शोषखड्ड्यात. सासूबाईंनी हे होऊच दिले नसते.

९ एप्रिल
खाद्याला चोच लावत नाहीत. सवय होईल. दुपारी चारला नऊही जणी मोरीमागे सासूबाईंच्या बसायच्या दगडासमोर उभ्या राहतात. आवाज नाही. नुसत्या बघतात. बायडाबाई, धाकटी जाऊ, कुंपणावरून म्हणाली, "बाई, त्यांना आत्याबाई दिसत्यात." मला ती बाई म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. मी म्हटले, डोळे तपासून घे.

१४ एप्रिल, ४.०५
दगड हलवला. आता रिकाम्या जागेकडे बघतात. त्या बाजूची खिडकी लावून घेतली. ऊन फार येते.

१८ एप्रिल
अंडी शून्य. तांबडी कोंबडी मान आखडून बसलीय. छाती चाचपली, नुसते हाड. सकाळपासून कौलावर एक कावळा. "माझे प्रयत्न चालू आहेत," असे त्याला स्पष्ट सांगितले. नंतर लक्षात आले, कोणाला सांगितले ते.

२१ एप्रिल
बायडाबाई म्हणाली, "आत्याबाई चारला तितंच भांडी घासायच्या. भाताची शितं पडायची. वलीला किडं व्हतं लई. त्येच्यावर तर उन्हाळा काढायच्या कोंबड्या. तुमी पाइप घातला!" मी म्हटले, मला ठाऊक होते, खात्री करत होते.

२२ एप्रिल
पाइप काढला. दगड जागेवर. चारला भांडी घेऊन बसले. उन्हासाठी डोक्यावरून पदर घेतला, इतकेच. खरकटे पाणी ओतून "तीऽ ती ती" केले. आवाज हुबेहूब सासूबाईंचा निघाला. अंगावर काटा आला. गार पाण्याने असेल. कोंबड्या धावत आल्या. तांबडी शेवटी आली, पण शितं खाल्ली.
मागे कुंपणापाशी बायडाबाई थबकली. हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, त्यो तक्ता मी काढाया लावते बाईंना. तुमी आता जावा."
मी वळले नाही. आत गेले. तक्ता काढला.