डॉक्टर दुरैंचं पाणी

१५ ऑगस्ट १९९७
शाळेत झेंडा. पन्नास वर्षं झाली म्हणून काकाला शाल. बेचाळीसच्या लाठीनं त्याचा डावा कान बहिरा झाला, तो कान भाषणात फार चालतो. काका पुटपुटला, "शाल कानावर घेऊ का?" घरी आप्पा अंथरुणावर. झटक्यापासून उजवा हात उचलत नाही. शालीकडे बघितलंही नाही. "महालयाला कावेरीवर कसा जाऊ रे?"

३ सप्टें.
वाडवडिलांची काळजी नाही, त्यांना पाणी द्यायला काका आहे. काळजी डॉक्टर दुरैंची, म्हणजे वॉल्टरसाहेबांची; तमिळमध्ये साहेबाला दुरै म्हणतात. आप्पा त्या गोऱ्याचे कंपाउंडर. तिरुविसनल्लूरला कॉलरा आला, दोघं घरोघर फिरले, त्यातच दुरै गेले. बायकापोरं नाहीत. मरताना आप्पांना म्हणाले, तुमच्या माणसांना पाणी देता तसं मलाही द्या. तेव्हापासून दर महालय अमावस्येला त्यांच्या नावानं तिळाचं पाणी. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप, म्हणून 'काश्यपगोत्र वॉल्टरशर्मा'. वाध्यार, आमचे भटजी, त्या नावाला नेमके खोकतात.

मी करतो म्हटलं. आप्पा भडकले. "बाप जिवंत असता तर्पण? मला आधीच पोचवतोस काय?" बरोबरच आहे म्हणा. उरला काका.

१७ सप्टें.
पितृपक्ष लागला. काकाकडे विषय काढला.
"गोऱ्याला पाणी? मी?"
"ते औषध देणारे, काका. लाठीवाले नव्हेत."
"लाठी नि औषध एकाच सरकारचं." मग हळूच, "मी तुरुंगात होतो तेव्हा तुझा बाप एकदा तरी आला का? दुरैंबरोबर हिंडत होता."
फार वाईट वाटलं. इतकी वर्षं एका घरात, हे कधी बोलला नव्हता.

२७ सप्टें.
ही म्हणते, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये तुम्ही कशाला पडता. पण आप्पा धड जेवत नाहीत. "शब्द दिलाय," एवढंच. वर्गात शिकवतो, इंग्रजांनी लुटलं, तंजावरचं राज्य गिळलं. खरंच आहे, उद्याही तेच शिकवणार. पण दुरैंना त्या धड्यात कुठे बसवू? मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

१ ऑक्टो., अमावस्या
काकाबरोबर कावेरीवर गेलो. घरची नावं झाली. वाध्यार, "अजून कोणी?" काका पाण्यात आणखी एक पाऊल पुढे गेला. मग तीळ घेतले, ओठ हलले, पाणी सोडलं. मी शेजारीच, तरी नाव ऐकू आलं नाही. वाध्यार खोकले खरे, पण त्यांना सर्दीच झाली आहे.

घरी आप्पा वाटच बघत होते. "दिलंस?"
काकानं डावा कान पुढे केला.
आप्पांनी पुन्हा, मोठ्यानं विचारलं. काका खाटेवर टेकला, त्यांचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "अण्णा, जेवून घे."
आप्पा पोटभर जेवले. मी काकाला अजून विचारलेलं नाही.