शेपटीवाली क्रियापदं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सुजलाय, तेव्हा एक अंग वजा धर.) तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला थांबला का? मी मजेत आहे. म्हणजे एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले, इतकी मजेत.

उन्हाळी शिबिरात पोरं सांभाळायची, त्यात काय मोठंसं, असं वाटलं होतं. पण इथल्या मुख्य बाई साधं इंग्रजी क्रियापद बोलतच नाहीत. त्याला एक शेपटी लावतात आणि अर्थ भलतीकडेच पळतो. तू एवढी इंग्रजीची शिक्षिका, माझ्याकडून व्याकरण घोटून घेतलंस, पण या शेपट्यांबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस! आल्या आल्या मला छोट्यांना ‘लुक आफ्टर’ करायला सांगितलं. मी इमानदारीत त्यांच्या मागून बघत चालले. ते सांभाळणं असतं हे कळेपर्यंत छोटे स्वयंपाकघरात शिरले होते. (पाव उरले नाहीत.)

परवा तर कहरच. वारा सुटला होता. बाई ओरडल्या, होड्या ‘कॉल ऑफ’ कर. ‘कॉल’ म्हणजे बोलावणं, हे मला झोपेतही येतं. मी शिट्टी फुंकून सगळ्यांना तळ्यावर बोलावलं, लाइफ जॅकेटं चढवली. आमच्यातली सर्वात आगाऊ पोर (तिला मी फटाकडी म्हणते) टुणकन पहिल्या होडीत बसली आणि मी दोर सोडला. वाऱ्याने होडी पार आत ओढून नेली. तशीच पाण्यात धावले, दगडावर गुडघा आपटला, छातीएवढ्या पाण्यात कशीबशी होडीची कड धरली. तेवढ्यात काठावरून स्वयंपाकी ओरडला, “लुक आउट!” मी बाहेर बघितलं. वल्हं आतून आलं. (कपाळावर टेंगूळ आहे.) पण कड सोडली नाही, ओढत आणली होडी. काठाला लागतो न लागतो तोच फटाकडी विचारते, “परत एकदा?”

बाईंनी आधी ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं, हे समजावलं. मग म्हणाल्या, मी तुला ‘लेट ऑफ’ करतेय. ‘ऑफ’ ऐकलं आणि मी मुकाट्याने बॅग भरून फाटकाशी जाऊन बसले. शेवटी स्वयंपाक्याने हातवारे करून समजावलं की अगं, माफ केलंय तुला, आत चल, बटाटे सोलायचेत.

काकांना नमस्कार.

तुझी,
टेंगूळवाली भाची

ता. क. बाईंनी आज विचारलं, ‘स्टे ऑन’ करशील का? मी मान डोलावली. आता कळतंय की शिबिर संपल्यावरही वर्षभर इथेच राहायचं कबूल करून बसलेय! पुढच्या महिन्यातल्या माझ्या लग्नाचं बाबांना तूच काहीतरी सांग. तुझ्यापुढे त्यांचा आवाज चढत नाही. शेपटीने घात केला म्हण.

आणखी एक ता. क. हे फक्त तुला. ‘स्टे ऑन’चा अर्थ मी आधी नीट विचारून घेतला होता, मगच हो म्हटलं. नवऱ्या मुलाला मी स्वतः कळवलंय. बाबांना सांगायला मात्र मला मराठीतही शब्द सुचत नाहीत.