होडीपर्यंतच झालेलं गोंदण

सावाई बेट, मंगळवार,
शाळेची मधली सुट्टी (मुलांची, मी रजेवर आहे)

आदरणीय पेलेनाटो मामा,

भाचा आउकुसो याचा पालथ्यानेच नमस्कार. (लोटांगण घालायला इतकी सोयीची वेळ पूर्वी कधी आली नव्हती. गेले पाच दिवस मी पोटावरच आहे.) तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? मामींची साखर आटोक्यात असेल, आणि ऑकलंडच्या थंडीत तुम्ही दोघं पायमोजे घालून झोपत असाल अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे, माझी बायको तेउइला बरी आहे, डुकरं बरी आहेत. मी सुद्धा बरा आहे. हे शेवटचं वाक्य लिहिताना अक्षर जरा वाकडं आलंय, त्याकडे लक्ष देऊ नका.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. मामा, आपल्या घराला भिंती नाहीत हे तुम्ही इतक्या वर्षांत विसरला असाल. खांबांच्या आत मी 'हॅलो' म्हटलं की समोरच्या घरातली म्हातारी 'कोणाशी बोलतोस रे' म्हणून विचारते. आणि मला जे सांगायचंय ते त्या म्हातारीने ऐकण्यासारखं नाही. चर्चच्या पाळकांची मेहुणी गुरुवारी तिकडे येतेय, तिच्या पिशवीत हे पत्र तारोच्या कंदांखाली घालून पाठवतो.

सगळ्यात आधी एक स्पष्ट करतो. मी घाबरलेलो नाही. गावात काही ऐकलंत तर ते वेगळ्या माणसाबद्दल असेल.

झालं असं. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, चर्च सुटल्यावर आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. नारळाच्या दुधातली तारोची पानं होती, मासा होता, माझं पोट भरलं होतं आणि पोट भरलं की मला व्याख्यान सुचतं हे तुम्ही जाणता (मास्तरकीचा दोष). तेवढ्यात तुमच्या लेकीचा, सेलाचा व्हिडिओ आला. तिला सोडून गेलेल्या त्या मुलाचं मनगटावर गोंदलेलं नाव यंत्राने पुसून घेतेय बिचारी. चार खेपा झाल्या आणि शेवटची दोन अक्षरं अजून हटत नाहीत. सगळे हळहळले. मी मात्र हात धुऊन पुढे सरसावलो. म्हटलं, पस्तावतात कोण? जे दुकानात शिरतात, भिंतीवरचं चित्र बघतात आणि 'हे द्या' म्हणतात, ते. आपल्याकडे एकटा माणूस गोंदून घेत नाही, त्याचं सगळं घराणं त्याच्याबरोबर बसतं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत जे उमटतं ते त्याच्या एकट्याचं नसतंच, मग पस्तावेल कसा? आणि मग, मामा, मी हात वर करून म्हणालो की आपल्या गोंदणाचा पस्तावा झालेला एक तरी माणूस मला दाखवा.

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. आई माशाचा काटा काढत होती, तिचा हात थांबला. आणि तेव्हा मला तुमची आठवण झाली.

देवाशपथ सांगतो, त्याआधी झाली नव्हती. तुमची गोष्ट आपल्या घरात कोणी काढत नाही, त्यामुळे ती मला ठाऊक आहे हे मीच विसरतो. तुम्ही गोंदण अर्धं टाकून तिसऱ्या दिवशी उठलात, बोट धरली आणि पुढे न्यूझीलंड. आजोबांच्या मातीला आलात तेव्हा चार दिवस त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून बसलात आणि समुद्रात सुद्धा शर्ट घालून उतरलात. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मला वाटलं होतं, परदेशातले लोक असेच अंघोळ करतात.

आई फक्त 'खरं आहे' म्हणाली आणि काटा काढून मासा माझ्या ताटात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोंदणाऱ्या लाफाएले उस्तादांच्या घरी चटई नेऊन दिली. (तिच्या हातची, बारीक विणीची, जी आम्हाला कोणाला बोटसुद्धा लावू देत नाही त्यातली.) एकदा उस्तादांनी चटई मांडीवर घेतली की संपलं, ती परत मागता येत नाही. मी शाळेतून घरी आलो तर अंगणात मंडप घालणं चाललेलं. मी तेउइलाला विचारलं, कोणाचं लग्न आहे? ती म्हणाली, 'तुझं गोंदण आहे. रविवारी इतकं छान बोललास ना.'

मामा, मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. या वयात माणसाची कातडी वाचनाला बसल्यासारखी शांत झालेली असते. मी आईला समजावलं की हे विशी-बाविशीतल्या मुलांचं काम, माझी पाठ खडू-फळ्याची. ती म्हणाली, 'एकटा नाहीस, जोडीला इओपू आहे.' इओपू म्हणजे माझा चुलतभाऊ. दोन खांद्यांवर दोन पोती तारो घेऊन चढण चढतो आणि वर शीळ घालतो. जोडीदाराची रीत मला शाळेत मुलांना शिकवताना नेहमी सुंदर वाटायची: एक जण सोसतो तेव्हा दुसरा शेजारी असतो, मग पाळी बदलते, म्हणजे कोणाला एकट्याला दुखत नाही. आता मी ते वाक्य पुस्तकातून खोडणार आहे. एकट्यालाच दुखतं. शेजारच्याला बघून आपल्याला काय होणार ते फक्त आधी कळतं.

पहिल्या तीन दिवसांत आळीपाळीने आम्हा दोघांच्या पाठीवरची होडी झाली, म्हणजे कमरेवरचा तो होडीच्या आकाराचा पट्टा. तुम्हाला सांगायला नको. डुकराच्या सुळ्यांची ती फणी, वर तो दांडका, आणि टक टक टक. दुखण्याचं मी एक वेळ समजू शकतो, पण तो आवाज, मामा, तो उस्ताद घरी गेले तरी जात नाही. पाल चुकचुकली की माझी पाठ आखडते. शेजारच्या बायका झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसल्या तर मी चटईवरून सरकून खांबाला धरलं. काल तेउइला नारळ फोडत होती आणि मी 'थांबा, जरा पाणी द्या' असं ओरडलो.

पाळकांचं मत म्हणाल तर ते आहे तसंच आहे: देवाने दिलेल्या कातडीवर माणसाने काही लिहू नये. हे मत सांगायला ते रोज न चुकता येतात, बरोबर जेवणाच्या आधी, आणि मग आलोच आहे तर म्हणून माझ्या पाठीवरच्या माश्या हाकलत बसतात. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो की पाळकसाहेब, मला तुमचं म्हणणं आता पूर्ण पटलंय, तर पंखा न थांबवता म्हणाले, 'आता नको पटवून घेऊस, अर्धवट वाईट दिसेल.' तेउइलाचं मांड्यांवरचं गोंदण सतराव्या वर्षी झालं, ती माझ्याकडे असं बघते की जणू मी डास चावला म्हणून रजा टाकली आहे. म्हणते, 'माझ्या वेळी मी सगळ्यांबरोबर गाणं म्हणत होते.' मी विचारलं, कोणतं? 'जे तू काल ओरडून बंद पाडलंस तेच.' आणि आई? ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसते आणि बेसूर गाते. इतकं घट्ट धरते की सुटावं म्हटलं तरी सुटता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि इओपू ताजं गोंदण धुवायला समुद्रावर गेलो. गोंदण चालू असताना एकट्याने कुठे जायचं नाही, भुतं धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं आणि माझ्यावर त्याचं. तो कमरेभर पाण्यात उभा राहिला, दात आवळले आणि म्हणाला, 'दादा, साबण विसरलो.' मी परत गेलो. साबण घेऊन आलो तर पाण्यात कोणी नाही. वर रस्त्यावर बंदराकडे जाणारी बस निघाली होती आणि मागच्या खिडकीत इओपू, ओला, हात हलवत होता. दोन पोती उचलणारा माणूस, मामा. साबण न घेता गेला.

मी साबण हातात धरून तिथेच उभा राहिलो. लोकांना वाटलं, मी त्याला शिव्या देतोय. खरं सांगू? मी बसचा नंबर वाचत होतो. ती पुन्हा कधी येते ते मला पाठ आहे.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि फण्या गुंडाळून ठेवल्या. एकट्याला ते हात लावत नाहीत, त्यांच्या वडिलांनीही कधी लावला नाही. पुढल्या सोमवारच्या नंतरच्या सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले. तोवर जोडीदार मिळाला तर ठीक, नाहीतर ते पलीकडच्या गावी जातील आणि मी आहे तसाच राहीन. जोडीदार मिळणार कुठून? घराला भिंती नाहीत, माझं ओरडणं आख्ख्या गावाने ऐकलंय. आता या गावात दहा वर्षं कोणी तरणा मुलगा पुढे येत नाही. म्हणजे मला आयुष्यभर कमरेवर होडी आणि खाली काही नाही. वर्गात मुलं कुजबुजणार, मानाच्या बैठकीत मला कडेला बसवणार, आणि आई दुसऱ्यांदा मान खाली घालणार. याची मला भीती वाटते. दुखण्याची नाही. (दुखण्याचीही.)

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार आणि सेलाला आशीर्वाद.

तुमचा,
आउकुसो

ता.क. पत्र इथे संपलं असं समजून आईला फोनवर वाचून दाखवायचं झाल्यास इथपर्यंतच दाखवा. पुढचं फक्त तुमच्यासाठी. गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात की तुमच्याकडे फळं भरायच्या कामाला माणसं लागतात. मामा, मला तिकीट पाठवा. मी भरभर शिकतो. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावायला माझी काही हरकत नाही, आपण दोघं एकाच दुकानातून शर्ट घेऊ. तुम्हाला कधी पस्तावा झाला का, तेवढं मात्र आधी कळवा. खरं उत्तर द्या. झाला नसेल तर मी पुढल्या शनिवारच्या बसने निघतो.

ता.क. दुसरा, बुधवार. आईने पत्र वाचलं. मी ते चटईखाली ठेवलं होतं, आणि माझ्या चटईखालचं ती रोज झाडते. माझ्यासमोर चष्मा लावून दोनदा वाचलं, ता.क. तीनदा. मी पालथा, पळणार कुठे? मला वाटलं आता रडेल किंवा मारेल. ती उठली आणि पेटीतली ती जुनी चटई काढून आणली, जिला दरवर्षी एकदा ऊन दाखवते. इतकी वर्षं मला वाटायचं की ती तिने स्वतःच्या मातीसाठी ठेवलीय, आणि तसं मी लोकांना सांगितलंही आहे. ती म्हणाली, 'ही त्याची.' तुमचं गोंदण पुरं झाल्याच्या दिवशी तुमच्या अंगावर घालायला विणली होती, मामा. तुम्ही बोट धरलीत त्या दिवशी काठाची शेवटची वीण राहिली होती, ती तिने नंतर पुरी केली. मला म्हणाली, 'त्याला लिही, मी रागावलेली नाही. रागावले असते तर ही कधीच कोणाच्या तरी लग्नात देऊन टाकली असती.'

ता.क. तिसरा, पाळकांची मेहुणी अंगणात उभी आहे म्हणून घाईत. उस्ताद येऊन गेले. तुमच्या वेळी त्यांचे वडील गोंदत होते आणि हे कातडी ताणून धरायला बसत, त्यांना तुमची पाठ आठवते. म्हणाले, होडी चांगली उतरली होती, पुढचं काम उघडं आहे, कातडी जुनी झाली तर काय झालं. तुम्ही जिथे उठलात, मी बरोबर तिथेच थांबलोय. तेव्हा तिकीट पाठवू नका. त्या तिकिटावर तुम्हीच या, उस्तादांनी दिलेल्या त्या सोमवारच्या आत. वर लिहिलंय की मी घाबरलेलो नाही, ते खोडायला वेळ नाही. मी इतका घाबरलोय की तुमच्याशिवाय हे होणार नाही, आणि मला वाटतं तुमचंही माझ्याशिवाय होणार नाही. तुम्ही शेजारी असलात तर मला लाजेने उठता येणार नाही, मी असलो तर तुम्हाला. आईने मंडपात दोन चटया शेजारी शेजारी टाकल्यात. समुद्रावर ती स्वतः आपल्याबरोबर येणार आहे, आणि साबण तिने आजपासूनच कमरेच्या कापडाला बांधून ठेवलाय.