दोन बरण्यांतला पोपटमासा

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि बाबाही. फोटोतली तुझी दाढी पाहिली. शोभते, पण विंचरत जा.

माझं संग्रहालयातलं काम सध्या पोपटमाशांपाशी अडकलंय. उबदार समुद्रातले हे मासे, दात जुळून त्यांची चोच झालेली. त्यांचं कुळ स्वतंत्र मानायचं की शेजारच्या मोठ्या कुळाची शाखा, यावर तज्ज्ञांचं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय. मला मात्र दोन बरण्यांनी छळलं. एकीत तांबूस मासे, दुसरीत निळे, असे बाबांनीच इथे नोकरीत असताना वेगळे लावलेले. जाती दोन, नावंही दोन. पण स्पिरिटमध्ये रंग उडतो. आता सगळेच मळकट, आणि खवले मोजले, चोची पाहिल्या, तरी फरक सापडेना.

मग परवा एका मासेमाराने ताजा मासा आणून दिला. अर्धा तांबूस, अर्धा निळा. चिरून पाहिला तर मादीचा नर होत होता. पोपटमाशांत हे नेहमीचंच. म्हणजे जात एकच.

हसू नकोस. मासा तो मासा आणि तू तू, हे मला कळतं. तू मधेच बदलला नाहीस. मी तुला ताई म्हणायचे तेव्हाही तू दादाच होतास, आम्हालाच दिसत नव्हतं.

पण बाबांना मासा दाखवायची छाती होईना. तू गेल्यापासून त्यांचं एकच पालुपद, थोरली होती, ती गेली. शेवटी काल हाताला धरून नेलं. भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नाही, त्यामुळे आता बिनसणार असं मला वाटलं. त्यांनी दुसऱ्या बरणीचं झाकण काढलं आणि चिमट्याने एकेक मासा उचलून पहिल्या बरणीत ठेवला. नुसत्या रंगावर गेलो, एवढंच पुटपुटले.

घरी परतताना जिन्यात थांबले. मला वाटलं, गुडघा.

"थोरला काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

दादा, वेलांटी नव्हती, काना होता. मी नीट ऐकला. मला रडूच आलं, तर म्हणाले, त्याला रजा मिळते का विचार.

तर विचारते. कधी येतोस?

तुझी वाट पाहणारे,
धाकटी, आई
आणि (हे त्यांनीच लिहायला सांगितलं) तुझे बाबा